नॉर्वेजियन सामासिक शब्द: तोड कुठे, आघात कुठे

नॉर्वेजियन शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त दमवतात ते लांबलचक जोडशब्द. ही भाषा दोन, तीन, प्रसंगी चार शब्द मध्ये जागा न सोडता एकत्र लिहिते आणि त्यांचा उच्चारही एकाच दमात करते. मराठी वाचकाला समासाची कल्पना नवी नाही. पूर्वपद, उत्तरपद, अर्थाचा मुख्य भार उत्तरपदावर, ही तत्पुरुषाची घडी नॉर्वेजियनमध्येही तशीच सापडते. अडचण अर्थाची नसून उच्चाराची आहे. मराठीत आघात सौम्य असतो आणि तो चुकला तरी सहसा अर्थ बदलत नाही; नॉर्वेजियनमध्ये मात्र आघातावरूनच ऐकणाऱ्याला कळते की समोरचा एक शब्द बोलतो आहे की दोन. म्हणून या लेखात जी पद्धत सांगायची आहे तिचे सूत्र एकच आहे: आधी शब्दाचा मुख्य सांधा शोधावा आणि मग आघाताकडे, स्वरांच्या लांबीकडे व सुराकडे वळावे. सांधा चुकला तर पुढचे सगळेच चुकते.

उच्चार लिहिण्यासाठी पुढील खुणा वापरल्या आहेत. मुख्य आघात असलेल्या अक्षराआधी दोन दंड (॥), दुय्यम आघात असलेल्या अक्षराआधी एक दंड (।), दीर्घ स्वरानंतर अवग्रह (ऽ) आणि अक्षरे तोडण्यासाठी आडवी रेघ. 'अक्षर' हा शब्द येथे लिपीतले अक्षर या अर्थाने नसून एका स्वराभोवती उभा राहणारा उच्चाराचा तुकडा या अर्थाने घ्यावा. उच्चार ऑस्लो आणि आसपासच्या पूर्व नॉर्वेचे आहेत. नॉर्वेत बोलण्याची अधिकृत प्रमाणभाषा नाही, प्रत्येक जण आपल्या बोलीतच बोलतो. पण परदेशी विद्यार्थ्याच्या कानावर बहुधा हीच बोली आधी पडते. नॉर्वेजियन 'उ' हा आपल्या 'उ'पेक्षा पुढे, ओठ आवळून उच्चारला जातो, एवढे ध्यानात ठेवून पुढील उदाहरणे वाचावीत.

पहिली पायरी: सांधा

शब्द डावीकडून वाचत जाऊन पहिला ओळखीचा तुकडा दिसताच तेथे तोडणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक. 'बिलदेक्क' आणि 'बिल्देबूक' हे दोन शब्द घ्या. रोमन लिपीत लिहिताना दोन्हींची पहिली पाच लिपीचिन्हे तीच आहेत. पहिल्यात 'बीऽल' म्हणजे मोटार आणि 'देक्क' म्हणजे टायर. दुसऱ्यात 'बिल्दे' म्हणजे चित्र आणि 'बूऽक' म्हणजे पुस्तक. उच्चार अनुक्रमे ॥बीऽल-।देक्क आणि ॥बिल्-दे-।बूऽक असे होतात. सांधा एका घराने सरकला की पहिल्या स्वराची लांबीसुद्धा बदलते, हे येथे उघड दिसते. 'हाव्रेमेल' हा शब्दही असाच फसवा आहे. 'हाऽव' म्हणजे समुद्र हे ठाऊक असलेला विद्यार्थी तेथेच थांबतो आणि उरलेल्या 'रेमेल'चा अर्थ शोधत बसतो. खरा सांधा 'हाव्रे' (ओट धान्य) आणि 'मेऽल' (पीठ) यांच्यामध्ये आहे. मात्र 'हाऽवबुन्न' म्हणजे समुद्राचा तळ, आणि तेथे 'हाऽव' हाच तुकडा बरोबर ठरतो. नियम असा की तोडल्यानंतर दोन्ही बाजूंना अर्थपूर्ण शब्द उरले पाहिजेत. एका बाजूला निरर्थक तुकडा उरला तर सांधा चुकला आहे.

सांध्यावर पुष्कळदा एक जोडवर्ण येतो. तो 'स' किंवा 'ए' असतो आणि तोडताना नेहमी डाव्या पदाबरोबर राहतो. 'बाऽण' म्हणजे मूल आणि 'हाऽगे' म्हणजे बाग. या दोहोंत 'ए' घालून ॥बाऽ-णे-।हाऽ-गे, म्हणजे बालवाडी, हा शब्द होतो. गुणवाचक किंवा भाववाचक '-हेत', '-दॉम', '-शून', '-इङ' अशा शेपटांनी संपणाऱ्या पूर्वपदानंतर 'स' जवळजवळ ठरलेला असतो. 'उङदॉम' (तरुणाई) आणि 'स्कूऽले' (शाळा) यांचा ॥उङ-दॉम्स-।स्कूऽ-ले होतो आणि लिहिताना त्यात दोन 'एस' येतात, एक जोडवर्णाचा आणि दुसरा शाळेचा. त्यातला एक गाळण्याची चूक नॉर्वेजियन लोकांच्या हातूनही होते.

या 'स'चा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 'वीऽन' म्हणजे वाइन आणि 'ग्लास्स' म्हणजे पेला. वाइनच्या पेल्याला ॥वीऽन-।ग्लास्स म्हणतात, मध्ये काहीच येत नाही. पण 'व्हाइट वाइनचा पेला' म्हणायचे झाले की 'वीऽतवीन' हा स्वतःच जोडशब्द असल्यामुळे त्याच्यापुढे 'स' उमटतो: ॥वीऽत-वीन्स-।ग्लास्स. म्हणजे तीन पदांच्या शब्दात 'स' दिसला की मुख्य सांधा बहुधा तेथेच आहे आणि त्याच्या डावीकडे एक लहान समास आधीच बांधलेला आहे, असे ओळखावे. 'पांढरा' आणि 'वाइनचा पेला' अशी फोड येथे होत नाही. पांढरी आहे ती वाइन, पेला नव्हे.

उलट, सांध्यावर दोन स्वर समोरासमोर आले तरी संधी होत नाही, ही गोष्ट संस्कृत वळणाच्या कानाला मुद्दाम शिकवावी लागते. 'पोऽस्के' (ईस्टर) आणि 'एग्ग' (अंडे) मिळून ॥पोऽस्-के-।एग्ग होते. दोन्ही 'ए' लिहिले जातात आणि दोन्ही उच्चारले जातात. त्यांचा एकच लांब 'ए' केला तर ऐकणारा गोंधळतो.

तीन 'एस'चे दोन होतात

नॉर्वेजियन लेखनात एकच व्यंजन ओळीने तीनदा लिहीत नाहीत. 'बुस्स' (बस) दोन 'एस'नी संपतो, 'स्तोप्प' (थांबा) एका 'एस'ने सुरू होतो. जोडल्यावर तीन व्हायला हवेत, पण लिहिले जातात दोनच. तसेच 'नात्त' (रात्र) आणि 'तोऽग' (रेल्वेगाडी) मिळून रात्रीची गाडी होते आणि तीन 'टी'पैकी एक गळतो. परिणामी हा शब्द कागदावर 'नात्त ऑ', म्हणजे 'रात्र आणि', या दोन शब्दांसारखा दिसू लागतो, कारण 'आणि' या अर्थाचा शब्द लिहिताना 'ओ' आणि 'जी' या दोनच अक्षरांचा असतो. वाचताना मनातल्या मनात गळलेले व्यंजन परत घालावे आणि मगच उच्चार करावा: ॥नात्त-।तोऽग. वाहतूककोंडीला 'त्राफिक्क' आणि 'कॉर्क' (बूच) यांचा जोडशब्द आहे, त्रा-॥फिक्क-।कॉर्क, तेथेही तीन 'के'चे दोन झालेले आहेत. ओळीच्या शेवटी असा शब्द तोडायची वेळ आली तर मात्र गळलेले व्यंजन पुन्हा अवतरते. 'नात्त' दोन 'टी'सह वरच्या ओळीत राहते आणि 'तोऽग' आपला 'टी' घेऊन खालच्या ओळीत जाते.

ओळ तोडण्याचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. साध्या शब्दासाठी नियम एका व्यंजनाचा आहे: पुढच्या ओळीत स्वराबरोबर एकच व्यंजन न्यावे, म्हणून 'कास्ते' (फेकणे) हा शब्द 'कास-ते' असा तुटतो. जोडशब्दात मात्र पदांच्या सीमेवर तोडणे केव्हाही बरे. 'सूऽल' म्हणजे सूर्य आणि 'ऊऽर' म्हणजे घड्याळ. छायायंत्राला 'सूलूर' म्हणतात. एका व्यंजनाचा नियम लावला तर 'सू-लूर' अशी तोड होईल, आणि 'लूर' म्हणजे चतुर, त्यामुळे वाचक भलत्याच वाटेला लागेल. 'सूल-ऊर' हीच योग्य तोड.

दुसरी पायरी: मुख्य आघात

सांधा सापडला की आघाताचा मुख्य नियम सोपा आहे. समासाचा मुख्य आघात पूर्वपदावर पडतो. आणि पूर्वपदातही तो नेमका त्या अक्षरावर पडतो, जेथे ते पद एकटे असताना पडला असता. या नियमाचा दुसरा अर्धा भाग विद्यार्थी विसरतात. 'पहिल्या अक्षरावर जोर द्या' एवढेच पाठ केले की 'हूतेल्लरुम्म' (हॉटेलची खोली) हा शब्द चुकलाच. 'हू-॥तेल्ल' या पदाचा आघात दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे पूर्ण शब्द हू-॥तेल्ल-।रुम्म असा होतो. संगीतशाळा मु-॥सिक्क-।स्कूऽ-ले. सांस्कृतिक मंत्री कुल्-॥तूऽर-मि-।निस्-तेर. विद्यापीठाचे ग्रंथालय तर चार अक्षरे वाट पाहायला लावते: उ-नि-वॅ-षि-॥तेऽत्स-बि-ब्लि-ऊ-।तेऽक. याउलट पंतप्रधानांसाठीचा शब्द ॥स्ताऽत्स-मि-।निस्-तेर आहे, कारण 'स्ताऽत' (राज्य) हे पूर्वपद एकाक्षरी आहे. ऑस्लोच्या परिसरातल्या जुन्या बोलण्यात 'बानान' किंवा 'स्ताशून' यांसारख्या परकीय शब्दांचाही आघात ओढून पहिल्या अक्षरावर आणलेला ऐकू येतो. तो ओळखता यावा, पण शिकणाऱ्याने त्याचे अनुकरण करायची गरज नाही.

आघात अर्थ कसा फिरवतो हे मी एकदा चांगलेच अनुभवले. माझे एक शिक्षक इंग्रजी विषय शिकवतात, असे मला सांगायचे होते. त्यासाठीचा शब्द ॥एङ्-एल्स्क-।लॅऽ-रेर. मी आपल्या सवयीने दोन्ही पदांवर सारखा जोर दिला, ॥एङ्-एल्स्क ॥लॅऽ-रेर, आणि ऐकणाऱ्याने अगदी आपुलकीने विचारले की ते इंग्लंडमधल्या कोणत्या शहरातले? दोन आघात दिल्याबरोबर तो समास राहिला नव्हता. 'इंग्रज शिक्षक' असे विशेषण आणि नाम झाले होते. ॥वीऽत-।वीन ही व्हाइट वाइन, तर ॥वीऽत ॥वीन ही पांढऱ्या रंगाची कुठलीही वाइन. लेखनात हाच घोटाळा जागा सोडल्यामुळे होतो. अननसाला नॉर्वेजियनमध्येही 'आनानास' म्हणतात. 'आनानासबीतेर' असे जोडून लिहिले तर अननसाच्या फोडी, आणि मध्ये जागा सोडली तर 'अननस चावतो'. कोकराच्या मांडीचे मांस 'लाम्मेलोर'. तेच तोडून लिहिले की 'लुळ्या मांड्या'. अशा चुकीला तेथे स्वतंत्र नाव आहे, 'सॅऽर-स्क्रीवनिङ', म्हणजे सुटे लिहिणे, आणि दुकानांच्या पाट्यांवरचे तिचे नमुने हा नॉर्वेजियन लोकांच्या करमणुकीचा कायमचा विषय आहे.

अपवाद थोडे आहेत, पण ठळक आहेत. दक्षिणेकडचे क्रिस्तियानसान्न हे शहर चौथ्या क्रिस्तियान राजाने 1641 मध्ये वसवले. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रिस्तियानसुन्न या गावाला शहराचा दर्जा 1742 मध्ये मिळाला. दोन्ही नावांचा मुख्य आघात शेवटच्या पदावर आहे: क्रिस्-ति-यान्-॥सान्न आणि क्रिस्-ति-यान्-॥सुन्न. दोन नावांतला फरकही नेमका त्याच अक्षरात आहे. पत्रव्यवहारात घोटाळा होऊ नये म्हणून त्यांच्यापुढे दक्षिण आणि उत्तर यांची आद्याक्षरे लावण्याची पद्धत पडली होती. पण 'सुन्न' (सामुद्रधुनी) शेवटी आला म्हणजे आघात तेथेच, असे समजू नये, कारण हॅउगेसुन्न या शहराच्या नावात तो पहिल्या अक्षरावर आहे. स्थलनामे ऐकूनच शिकावी लागतात.

'फॉर-' या उपसर्गाकडेही लक्ष असावे. ॥फॉ-।डेऽल म्हणजे फायदा, पण फॉ-॥डेऽ-ले म्हणजे वाटून देणे. पहिला शब्द समासासारखा वागतो, तर दुसऱ्यात उपसर्ग निराघात आहे.

तिसरी पायरी: उत्तरपदाला पातळ करू नये

मुख्य आघात साधला की विद्यार्थी उरलेला शब्द घाईने गिळून टाकतो. हेही चूकच. उत्तरपदावर दुय्यम आघात असतो आणि त्याची स्वतःची लांबी कायम राहते. नॉर्वेजियनमध्ये आघातयुक्त अक्षर नेहमी भारदस्त असते: एक तर स्वर दीर्घ आणि व्यंजन ऱ्हस्व, किंवा स्वर ऱ्हस्व आणि व्यंजन लांबवलेले. 'ताऽक' म्हणजे छप्पर, 'ताक्क' म्हणजे आभार. दुसऱ्यात 'क'वर जीभ क्षणभर अडवून धरावी लागते, जशी आपण 'पक्का' म्हणताना धरतो. द्वित्ताची ही सवय मराठी जिभेला असल्यामुळे येथे आपले काम सोपे होते. समासात हे पद दुसरे आले तरी 'ताऽक'चा स्वर लांबच राहतो: ॥ग्लास्स-।ताऽक म्हणजे काचेचे छप्पर. पहिल्या पदात व्यंजन लांब, दुसऱ्यात स्वर लांब. शब्दाचा सगळा ठेका या दोन लांब्यांवर उभा आहे. मधली किंवा शेवटची निराघात 'ए' मात्र हलकी असावी, पण पुसून टाकू नये. 'राजवाडा' म्हणताना आपण 'ज'मधला 'अ' सहज गाळतो. त्या सवयीने 'बाऽणेहाऽगे'चे 'बाणहागे' होऊन बसते.

सांध्यावरचा 'र'

पूर्व नॉर्वेतल्या बोलींमध्ये 'र'पुढे 'त', 'द', 'न' किंवा 'स' आला की दोन्ही मिळून एकच मूर्धन्य वर्ण होतो, म्हणजे अनुक्रमे ट, ड, ण, ष. 'मूल' या अर्थाचा शब्द 'बार्न' असा लिहिला जातो आणि 'बाऽण' असा ऐकू येतो, तो त्यामुळेच. इंग्रजीच्या मार्गाने येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वर्ण मुद्दाम घोटावे लागतात. मराठी माणसाच्या तोंडात ते जन्मापासून आहेत. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की हा बदल सांधाही ओलांडतो. 'स्तूऽर' म्हणजे मोठा आणि 'तिङ' म्हणजे सभा. 1814 पासून चालत आलेली नॉर्वेची संसद 'मोठी सभा' या अर्थाने ॥स्तूऽ-।टिङ म्हटली जाते. कागदावर सांधा 'र' आणि 'त' यांच्या मध्ये आहे, पण तोंडात दोन्ही वर्ण एकत्र वितळून 'ट' झाले आहेत. म्हणून लेखनातली तोड आणि उच्चारातली तोड एकच असावी, असा हट्ट धरू नये. बर्गन आणि स्ताव्हांगर या पश्चिमेकडच्या शहरांत 'र' घशातून उच्चारला जातो आणि हा बदल होत नाही. तेथे 'र' आणि 'त' वेगवेगळे ऐकू येतात.

ऑस्लोच्या मेट्रोत स्थानकांची नावे पुकारली जातात, आणि सरावाला त्यांच्याइतके सोयीचे साहित्य दुसरे नाही. यॅर्नबानेतोर्गे हे नाव पाहा. 'यॅऽण' म्हणजे लोखंड, 'बाऽने' म्हणजे मार्ग. दोन्ही मिळून आपला 'लोहमार्ग' अक्षरशः तयार होतो. 'तोर्ग' म्हणजे चौक, आणि शेवटचा '-ए' हा निश्चितवाचक प्रत्यय आहे, जो लिहिताना 'टी'ने संपतो पण तो 'टी' उच्चारत नाहीत. मुख्य सांधा 'लोहमार्ग' आणि 'चौक' यांच्या मध्ये. मुख्य आघात पहिल्या अक्षरावर, दुय्यम आघात चौकावर: ॥यॅऽण-बाऽ-ने-।तोर्-गे. पहिल्याच पदात 'र' आणि 'न' मिळून 'ण' झाला आहे. त्याच मार्गावरचे राष्ट्रीय नाट्यगृहाचे स्थानक ना-शू-॥नाऽल-ते-।आऽ-त्रे, आघात तिसऱ्या अक्षरावर आणि 'ते', 'आ' ही दोन स्वतंत्र अक्षरे. मायूर्स्तूएन हे नाव मा-॥यूऽष्-।टूऽ-एन असे ऐकू येते. 'मायूऽर' म्हणजे मेजर, आणि 'र' व 'स' यांचा 'ष' सांध्यावरच झालेला आहे. ही तीन नावे निर्दोष म्हणता आली की वरचे सगळे नियम हातात आले, असे समजायला हरकत नाही.

शेवटी सूर

नॉर्वेच्या बहुतेक बोलींत आघातयुक्त शब्दाला दोनपैकी एक सूर असतो. 'ताङ्केन' हा शब्द पहिल्या सुरात 'ती टाकी' आणि दुसऱ्या सुरात 'तो विचार'. ऑस्लोकडे पहिला सूर आघातावर खाली बसतो आणि मग चढतो. दुसरा वरून सुरू होतो, खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. बर्गनच्या भोवतालच्या काही भागांत आणि उत्तरेकडच्या फिन्नमार्कच्या काही भागांत हा भेद नाही, आणि तरी तेथील लोकांचे कुठे अडत नाही. म्हणून नवशिक्याने सुरासाठी आघात पणाला लावू नये, असे माझे मत आहे.

समासापुरते सांगायचे तर संपूर्ण जोडशब्दाला सूर एकच मिळतो. पूर्वपद दोन अक्षरी आणि दुसऱ्या सुराचे असेल, तर समासही दुसऱ्या सुराचा होतो. एकाक्षरी पूर्वपदानंतरही बहुधा दुसराच सूर येतो, पण तेथे शब्दागणिक फरक पडतो. येथे मराठी कानाची हमखास फसगत होते. पूर्वेकडच्या बोलींत सुराचा शेवटचा चढ समासाच्या अगदी अखेरीस येतो, आणि आवाज वर गेला म्हणजे जोर तेथेच, असे आपण धरून चालतो. मग ॥वीऽत-।वीन ऐकूनही 'जोर तर दुसऱ्या पदावर होता' असे वाटत राहते. त्यावर उपाय असा: नॉर्वेजियन बोलणाऱ्याचे एखादे ध्वनिमुद्रण घ्यावे, शब्द ऐकताना बोटाने टेबलावर ठोका द्यावा आणि उंचीकडे दुर्लक्ष करून लांबी कुठे आहे तेवढेच पाहावे. ठोका जेथे आपसूक पडतो तो आघात. शेवटी नुसता आवाज चढतो.

एक लांब शब्द सावकाश

मानवी हक्क संघटनेसाठी नॉर्वेजियनमध्ये अकरा अक्षरांचा एकच शब्द आहे. त्याच्याशी भिडताना उजवीकडून सुरुवात करावी, कारण अर्थाचे मुख्य पद शेवटी असते. शेवटी 'ऑर्गानिसाशूऽन' (संघटना) ओळखू येते. त्याच्या लगेच आधी 'स' आहे आणि त्याआधी '-हेत' हे शेपूट. म्हणजे मुख्य सांधा येथेच. उरलेल्या डाव्या भागात 'मेन्नेस्के' (माणूस) आणि 'रेत्तिहेऽत' (हक्क) अशी दोन पदे निघतात. 'रेत्तिहेऽत'मध्ये लिहिलेला 'जी' उच्चारत नाहीत. सर्वांत डावीकडचे पद 'मेन्नेस्के', म्हणून मुख्य आघात त्याच्या पहिल्या अक्षरावर. 'संघटना' या पदाचा स्वतःचा आघात शेवटच्या अक्षरावर असल्यामुळे दुय्यम आघात तेथे पडतो, आणि हक्काच्या 'रेत्'वर त्याहून हलका ठोका राहतो. सारे जुळवल्यावर शब्द असा होतो: ॥मेन्-नेस्-के-।रेत्-ति-हेत्स-ऑर्-गा-नि-सा-।शूऽन.

पहिल्यांदा फक्त तीन ठोके द्यावेत, मेन्, रेत्, शूऽन, मध्ये काहीच न बोलता. मग ठोक्यांमधले अंतर तेवढेच ठेवून बाकीची अक्षरे त्यात भरावीत. श्वास मध्ये घेऊ नये. सांध्यावर थांबलात तर ऐकणाऱ्याला पुन्हा दोन शब्द ऐकू येतील.